रायफल हलकी झाली, पण नेमाचं काय? पुण्यात घडणाऱ्या शस्त्रांच्या निमित्ताने वजन, अचूकता आणि किमतीचं गणित

संरक्षण मंत्रालयाने ३० डिसेंबर २०२५ रोजी ४ लाख २५ हजारांहून अधिक कार्बाइनच्या खरेदीचे करार केले. एकूण रक्कम सुमारे २,७७० कोटी रुपये. या ऑर्डरचा मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आला आहे, उरलेला पीएलआर सिस्टिम्सकडे. भारत फोर्जच्या कार्बाइनच्या आराखड्यामागे डीआरडीओची पुण्यातल्या पाषाणची प्रयोगशाळा आहे. तिचं नाव आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजेच एआरडीई.

त्याआधी ८ जानेवारी २०२४ रोजी याच एआरडीईने पुण्यात 'उग्रम' ही रायफल समोर आणली होती. हैदराबादच्या द्वीपा आर्मर इंडिया या खासगी कंपनीसोबत तयार केलेली ही ७.६२ मिमीची असॉल्ट रायफल. तेव्हाच्या बातम्यांमध्ये दोन आकडे ठळक होते. वजन चार किलोंपेक्षा कमी आणि परिणामकारक पल्ला ५०० मीटर.

नवं शस्त्र आलं की 'हलकं' हा शब्द हमखास येतो. मोबाइल किंवा लॅपटॉप हलका असेल तर त्यात फायदाच असतो. रायफलचं तसं नाही. तिथे कमी केलेल्या वजनाची किंमत कुठेतरी मोजावी लागते, आणि बऱ्याचदा ती अचूकतेत मोजली जाते. परदेशात शिकारीच्या रायफली विकणाऱ्या कंपन्यांना हा अनुभव अनेक वर्षांपासून आहे. तो नेमका काय आहे आणि पुण्यात घडणाऱ्या शस्त्रांना कसा लागू होतो, हे समजून घेऊया.

हलकी रायफल हवी कशाला?

कारण साधं आहे. रायफल चालवण्याचा वेळ काही सेकंदांचा असतो आणि वाहून नेण्याचा वेळ तासन् तास. सैनिकाच्या अंगावर रायफलीशिवाय काडतुसं, बुलेटप्रूफ जॅकेट, हेल्मेट, पाणी आणि रेडिओ असतो. काश्मीर किंवा अरुणाचलच्या चढावर अर्धा किलो वजन कमी झालं तरी फरक पडतो.

काडतुसांचं वजनही यात मोजावं लागतं. ५.५६ मिमीचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं असतं, तर ७.६२ मिमीचं (५१ मिमी लांबीच्या केसचं) साधारण २४ ग्रॅमचं. म्हणजे तेवढंच वजन उचलायचं असेल तर मोठ्या काडतुसांची संख्या निम्म्यावर येते. मोठ्या काडतुसाची रायफल हलकी करण्याचा दबाव म्हणूनच जास्त असतो.

अमेरिका, कॅनडा किंवा युरोपात जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथेही हीच गरज आहे. डोंगरात दिवसभर चालणाऱ्या शिकाऱ्यांसाठी कंपन्यांनी अडीच ते तीन किलोंच्या रायफली बाजारात आणल्या. या रायफली एकेक करून कारागिराने जुळवलेल्या नसतात, कारखान्यात हजारोंच्या संख्येने बनतात. 'हलकी आणि परवडणारी' हे त्यांच्या जाहिरातीतलं सूत्र. आणि 'नेम एकसारखा लागत नाही' ही अशा रायफलींबद्दल हमखास ऐकू येणारी तक्रार.

वजन नेमकं कुठून कमी होतं?

रायफलमध्ये वजन कमी करण्याच्या मुख्य जागा दोनच आहेत. नळी आणि दस्ता.

आधी नळी बघू. समजा, ७.६२ मिमी छिद्राच्या नळीची बाहेरची जाडी २० मिमी आहे. ती १६ मिमी केली, तर नळीचं वजन सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतं. पण तिचा ताठरपणा सुमारे ६० टक्क्यांनी घटतो. कारण वजन जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतं, तर ताठरपणा चौथ्या घाताच्या हिशेबाने. थोडक्यात, जितकं वजन वाचतं त्याहून जास्त ताकद जाते.

गोळी सुटते तेव्हा नळी स्थिर नसते, ती थरथरते. गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचं तोंड कुठे आहे यावर गोळी कुठे लागणार हे ठरतं. जाड नळी कमी थरथरते. बारीक नळी जास्त थरथरते आणि बाहेरचा छोटासा दाबही तिला पुरतो.

आता दस्ता. लाकडाच्या किंवा जड साहित्याच्या जागी हलकं प्लास्टिक वापरलं की वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. पण स्वस्त साच्यातलं प्लास्टिक लवचिक असतं. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली किंवा पट्टा ताणून धरला, की दस्त्याचा पुढचा भाग वाकून नळीला टेकू शकतो. एका गोळीला टेकला आणि पुढच्या गोळीला नाही टेकला, तर दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या जागी लागतात. चालवणाऱ्याला मात्र वाटतं की हात हलला.

रायफलचा धातूचा भाग दस्त्यात कसा बसवला आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. ही बैठक घट्ट आणि प्रत्येक रायफलमध्ये सारखी असावी लागते. महागड्या रायफलीत कारागीर ती हाताने जुळवतो. कारखान्यात ती यंत्राच्या अचूकतेवर सोडलेली असते. म्हणूनच एकाच मॉडेलच्या दोन रायफलींपैकी एक उत्तम निघते आणि दुसरी बेभरवशाची.

पहिली गोळी बरोबर, पाचवी भलतीकडे. असं का?

हलक्या रायफलीची सगळ्यात ओळखीची खोड म्हणजे तापल्यावर नेम सरकणं. बारीक नळीत धातू कमी, त्यामुळे ती लवकर तापते. नळी बनवताना धातूत ताण शिल्लक राहिला असेल, तर तापल्यावर ती किंचित वाकते. तीन-चार गोळ्यांनंतर गोळ्या एका दिशेला सरकायला लागतात.

शिकाऱ्याला याचा फारसा त्रास होत नाही. त्याच्या कामाची असते ती थंड नळीतली पहिली गोळी, फार तर दुसरी. तेवढी नेमकी लागली तर अडीच किलोंची रायफल त्याच्यासाठी उत्तम सौदा आहे. सैनिकाचं तसं नाही. त्याची विसावी गोळीही पहिलीइतकीच महत्त्वाची असू शकते.

दुसरी अडचण धक्क्याची. काडतूस तेच ठेवलं, तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. चार किलोंची रायफल तीन किलोंची केली, तर ही ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. खांद्याला जोरात धक्का बसणार हे माहीत असलं, की चांगला नेमबाजही नकळत डोळे मिटतो किंवा ट्रिगर हिसकतो.

ट्रिगरचीही भर पडते. सुरक्षेसाठी कारखान्यातून येणारा ट्रिगर बऱ्याचदा जड ठेवलेला असतो. रायफल जितकी हलकी, तितकी ती ट्रिगर ओढताना जास्त हलते. त्यामुळे 'रायफल खराब आहे' आणि 'रायफल चालवायला अवघड आहे' या दोन तक्रारी एकमेकींत मिसळतात. हलक्या रायफलींबाबत दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मग नेमबाज काय वापरतात?

पुण्यातच याचं उलट उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. अंतिम फेरीतले त्याचे गुण होते ४५१.४. मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नीलने पुण्याच्या बालेवाडीत सराव केला होता.

या प्रकारात रायफलचं वजन ८ किलोंपर्यंत चालतं. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका फक्त १०.४ मिमी व्यासाचा असतो. एवढ्या बारीक ठिपक्यासाठी खेळाडू जाड नळीची, जड रायफल घेतात, आणि तीही धक्का जेमतेम जाणवेल अशा छोट्या .२२ काडतुसाची. फक्त अचूकता हवी असेल तर वजन उपयोगीच पडतं. पण आठ किलोंची रायफल घेऊन कुणी डोंगर चढत नाही.

त्यामुळे 'रायफल अचूक आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या कामासाठी, किती अंतरावर आणि किती गोळ्यांपर्यंत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

'एका इंचात तीन गोळ्या' या दाव्याचा अर्थ काय?

शिकारीच्या रायफली विकणाऱ्या काही कंपन्या अचूकतेची हमी देतात. फिनलंडची टिक्का किंवा अमेरिकेची वेदर्बी यांची हमी साधारण अशी असते की, १०० यार्डांवर तीन गोळ्या सुमारे एका इंचात लागतील. ऐकायला भारी वाटतं. पण यातला 'तीन' हा आकडा नीट बघायला हवा.

गोळ्यांचा विखुरलेपणा हा संख्याशास्त्राचा विषय आहे. त्याच रायफलने, त्याच हाताने तीनऐवजी दहा गोळ्या झाडल्या, तर सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर सरासरी सुमारे १.६ पट होतं. रायफल बिघडलेली नसते. जास्त गोळ्या झाडल्यावर तिचा खरा विखुरलेपणा दिसतो इतकंच. त्यात नळी तापली की आकडा आणखी वाढतो.

तीन-तीन गोळ्यांचे दहा कागद झाडले आणि त्यातला सगळ्यात चांगला फोटो काढून मिरवला, तर जवळपास कुठलीही रायफल 'एका इंचाची' दिसते. रायफल विकत घेणारा एक शिकारी असो किंवा लाखो नग घेणारं सरकार, दोघांनी विचारायचे प्रश्न सारखेच आहेत. किती गोळ्या? किती रायफलींवर? सगळ्यात चांगला निकाल की सरासरी?

कार्बाइन आणि 'उग्रम' यांना हे कसं लागू होतं?

समजा, एखादं शस्त्र १०० मीटरवर आपल्या सगळ्या गोळ्या १२ सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकतं. (हा हिशेबासाठी घेतलेला आकडा आहे, कुठल्याही एका शस्त्राचा नाही.) अंतर वाढेल तसं वर्तुळ त्याच प्रमाणात वाढतं. २०० मीटरवर ते २४ सेंटिमीटरचं होतं. माणसाच्या छातीची रुंदी बघता एवढं पुरतं. ५०० मीटरवर तेच वर्तुळ ६० सेंटिमीटरचं होतं, म्हणजे माणसाच्या खांद्यांपेक्षाही रुंद. तिथे नेम बरोबर धरूनही गोळी बाजूने जाऊ शकते.

कार्बाइन हे जवळच्या लढाईचं शस्त्र आहे. घरात, गल्लीत, गाडीतून उतरताना किंवा दाट जंगलात वापरायचं. तिच्याकडून अपेक्षित पल्ला साधारण २०० मीटरच्या घरातला असतो. सैन्यातल्या जुन्या ९ मिमी स्टर्लिंग कार्बाइनची जागा ती घेणार आहे.

कार्बाइनची नळी आखूड ठेवलेली असते. आखूड नळी ताठ राहते, त्यामुळे अचूकतेचं नुकसान मर्यादित असतं. किंमत मोजावी लागते ती गोळीच्या वेगात आणि पल्ल्यात. शिवाय ५.५६ मिमीच्या गोळीचा संवेग ७.६२ मिमीच्या गोळीच्या निम्म्याहूनही कमी असतो, म्हणून हलक्या शस्त्रातही धक्का आवाक्यात राहतो. जवळच्या कामासाठी हा व्यवहार्य सौदा आहे.

'उग्रम'सारख्या रायफलची परीक्षा जास्त कठीण असते. ७.६२ मिमीचं ताकदवान काडतूस, वजन चार किलोंच्या आत, पल्ला ५०० मीटर आणि स्वयंचलित माराही. यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला ओढते. हे अशक्य नाही, जगात अशा रायफली आहेत. पण नळीची गुणवत्ता, जुळणीतला सारखेपणा आणि तापल्यावरचं वागणं यांत चुकायला जागा उरत नाही.

निम्मं उत्तर खडकीत आहे का?

अचूकतेच्या चर्चेत रायफलीचं नाव येतं, काडतुसाचं राहून जातं. प्रत्येक काडतुसात दारू सारखी भरली नाही किंवा गोळ्यांच्या वजनात फरक राहिला, तर गोळीचा वेग बदलतो. १०० मीटरवर हा फरक जाणवत नाही. ५०० मीटरवर तो गोळी काही सेंटिमीटर वर किंवा खाली नेतो. सगळ्यात चांगली नळीही ही चूक दुरुस्त करू शकत नाही.

इथेही पुण्याचा संबंध जवळचा आहे. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्या कामाला लागल्या. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले आणि तिचं मुख्यालय पुण्यात आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातही रायफलींची काडतुसं बनतात. म्हणजे शस्त्राचा आराखडा, उत्पादन आणि काडतुसं या तिन्हींचे धागे महाराष्ट्रात जुळतात. चाचणी करायची तर याच काडतुसांसह करायला हवी. निवडक, महागड्या काडतुसांनी काढलेला निकाल सीमेवर उपयोगाचा नाही.

'इन्सास'ने काय शिकवलं?

भारताने हा प्रवास एकदा केलेला आहे. ७.६२ मिमीच्या जुन्या, लांब आणि जड एसएलआरच्या जागी १९९० च्या दशकात ५.५६ मिमीची 'इन्सास' आली. तिच्यामागेही एआरडीईच होती. छोटं काडतूस, कमी धक्का, जास्त गोळ्या सोबत नेण्याची सोय, हा विचार जगभरातल्या सैन्यांचाच होता.

पण १९९९ च्या कारगिल युद्धाच्या थंडीत प्लास्टिकच्या मॅगझीनला तडे जाणं, रायफल अडकणं अशा तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या, तरी नाव डागाळलं ते डागाळलंच. २०१९ मध्ये सैन्याने पुन्हा ७.६२ मिमीकडे वळत अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० रायफली घेण्याचा करार केला.

धडा असा की, वजन कमी करण्यासाठी वापरलेलं साहित्य प्रयोगशाळेत चालणं वेगळं आणि उणे तापमानात, हजारो गोळ्यांनंतर चालणं वेगळं.

किमतीचा हिशेब कसा मांडायचा?

भारत फोर्जच्या वाट्याला २,५५,१२८ कार्बाइन आल्या, रक्कम सुमारे १,६६१.९ कोटी रुपये. भागाकार केला तर एका नगामागे सुमारे ६५,००० रुपये होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सिग सॉअरकडून आणखी ७३,००० रायफली घेण्याचा ८३७ कोटींचा करार झाला. तिथे एका नगामागे सुमारे १ लाख १५ हजार रुपये पडतात.

हे आकडे शेजारी ठेवून 'देशी स्वस्त, परदेशी महाग' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण बरोबर नाही. एक जवळच्या लढाईची कार्बाइन आहे, दुसरी लांब पल्ल्याची मोठ्या काडतुसाची रायफल. सोबतचे सुटे भाग आणि साहित्यही वेगळं असू शकतं.

आणि स्वस्त म्हणजे वाईट असंही नाही. अमेरिकेत २०१२ च्या सुमारास रुगर कंपनीने 'अमेरिकन' नावाची शिकारीची रायफल आणली. तिची छापील किंमत होती ४४९ डॉलर. दिखाऊपणा कमी केला, पण नळीची घडण आणि धातूची बैठक यांवर खर्च केला. खर्च कुठे वाचवला, हे किमतीइतकंच महत्त्वाचं. हातकामात आणि चकाकीत वाचवला तर चालतं. नळीत आणि जुळणीत वाचवला तर तो गोळीच्या छिद्रात दिसतो.

निवड कुणाच्या हातात?

अमेरिकेतल्या शिकाऱ्याला हलकी रायफल पसंत पडली नाही, तर तो ती विकून दुसरी घेतो, दहा जणांना सांगतो, आणि कंपनीला सुधारणा करावी लागते. बाजारच परीक्षा घेतो.

भारतात तसा बाजार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांमुळे हौसेची शिकार बंद आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारायचं तरी वन विभागाची परवानगी लागते. परवानाधारकाला सैन्याच्या बोअरची रायफल मिळत नाही. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर सरकारी कारखान्यातली .३१५ बोअरची रायफल हाच ठरलेला पर्याय राहिला आहे, आणि तिचा मूळ आराखडा ब्रिटिशकालीन ली-एनफिल्डचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. रायफली घेऊन, वापरून, तुलना करून बघण्याची सोयच नाही.

सैनिकाला तर निवड अजिबात नसते. हातात येईल ते शस्त्र घेऊन तो ड्युटीवर जातो. बाजाराने घ्यायची परीक्षा त्याच्या वतीने सैन्याच्या चाचणी पथकाने आणि गुणवत्ता तपासनीसांनीच घ्यायची असते.

येत्या काही वर्षांत या कार्बाइन टप्प्याटप्प्याने युनिटमध्ये पोहोचतील. पहिले नग अचूक निघतील याबद्दल फार शंका नसावी, कारण पहिल्या नगांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. खरी कसोटी दोन लाखाव्या नगाची आहे. तीही तितकीच ताठ, तितकीच सारखी जुळलेली आणि तापल्यावर तितकीच भरवशाची निघते का, हे तपासायला दर खेपेतून कुठलेही काही नग उचलून, खडकी-वरणगावच्या रोजच्या काडतुसांनी, तीन नव्हे तर भरपूर गोळ्या झाडून बघावं लागेल. वजनाचा आकडा तराजूवर एकदाच बघितला तरी पुरतो. नेमाचा आकडा मात्र प्रत्येक खेपेला नव्याने सिद्ध करावा लागतो.